मॉर्मन रविवारी मंदिरात जात नाहीत

एका भाषांतरकार मैत्रिणीचा प्रश्न आला आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यावरच्या लेखात तिने लिहिले, 'दर रविवारी मॉर्मन कुटुंबे आपापल्या मंदिरात जमतात'. (मॉर्मन म्हणजे यूटात मुख्य ठाणे असलेला, येशू ख्रिस्ताला मानणारा एक पंथ.) संपादकांनी 'मंदिर' खोडून 'चर्च' केले. पुढे 'वॉर्ड' आणि 'स्टेक' हे शब्द येतात, त्यांना तिने 'प्रभाग' आणि 'भागधारक मंडळ' असे प्रतिशब्द दिले आहेत. यातले काय ठेवावे, असे ती विचारते.

'भागधारक मंडळ' आधी काढ. बाकीचे सावकाश बोलू.

'मंदिर' खोडले ते बरोबरच झाले. पण मंदिर म्हटले की हिंदूंचे देऊळ वाटेल, या भीतीने खोडले असेल तर ते कारण मला पटत नाही. मराठी बायबलमध्ये जेरुसलेमचे मंदिर हे मंदिरच आहे. गिरगावात प्रार्थना समाजाचेही मंदिर आहे, तिथे मूर्ती नाही, उपासना होते. शब्दाला सगळे चालते. अडचण वेगळीच आहे: मॉर्मन लोकांकडे खरोखरच 'मंदिर' या नावाची स्वतंत्र वास्तू असते आणि ती नेमकी रविवारी बंद असते.

सॉल्ट लेक सिटीतले उंच मनोऱ्यांचे, करड्या ग्रॅनाइटचे मंदिर फोटोत पाहिले असेल. ते १८५३ साली सुरू झाले आणि १८९३ साली पुरे झाले, चाळीस वर्षे. इतकी मोठी वास्तू म्हणजे आत हजारो माणसे बसून भजन करत असतील असे वाटते. तसे होत नाही. मंदिर आहे विशिष्ट विधींसाठी. जोडप्याचे लग्न या जन्मापुरते न राहता अनंतकाळासाठी बांधले जाते ते तिथे, आणि मेलेल्या पूर्वजांच्या नावे जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यायचा तोही तिथे. आत जायला आपल्या स्थानिक पुढाऱ्यांकडून मुलाखत देऊन मिळवलेले शिफारसपत्र लागते. नवे मंदिर बांधून झाले की अर्पणविधीच्या आधी काही दिवस सगळ्यांना आत फिरू देतात. मग दार बाहेरच्यांना बंद. भारतात बंगळुरूला असे मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ साली झाली.

रविवारची जमवाजमव होते ती दुसऱ्या, अगदी साध्या इमारतीत. तिला त्यांचा मूळ शब्द आहे 'मीटिंगहाउस'. बोलताना मात्र ते 'चर्चला चाललो' असेच म्हणतात, कधी 'चॅपल' म्हणतात. म्हणजे संपादकांचे 'चर्च' खपून जाईल. पण त्याच लेखात पुढे मंदिर येणार असेल तर वाचकाला फरक दिसायला हवा, म्हणून मी 'सभाघर' लिहीन. 'सभागृह' नको, त्यात आमदार बसतात. 'सभास्थान'ही नको, मराठी बायबलने तो शब्द ज्यूंच्या सिनेगॉगला देऊन टाकला आहे. 'प्रार्थनास्थळ' चूक नाही, पण तो शब्द मला नेहमी पोलीस बंदोबस्ताच्या बातमीतला वाटतो.

फरक पाट्यांवरूनही कळतो. मंदिराच्या भिंतीवर 'परमेश्वराचे घर' अशा अर्थाचा लेख कोरलेला असतो. सभाघराच्या पाटीवर पंथाच्या नावाखाली लिहिलेले असते, 'पाहुण्यांचे स्वागत'.

मी स्वतः पाहुणा म्हणून एकदा गेलो आहे. मुलाकडे यूटात मुक्कामाला होतो, शेजारचे कुटुंब 'येता का' म्हणाले. इमारत आपल्याकडच्या नव्या शाळेसारखी, वर छोटा कळस. आत बाक, व्यासपीठ, ऑर्गन. क्रूस कुठेच नाही, ते लावत नाहीत. मागची भिंत म्हणून मी जिच्याकडे पाहत होतो ती घडीची निघाली. गर्दी वाढली तशी ती सरकवली आणि मागे लाकडी जमिनीचा मोठा हॉल, दोन्ही टोकांना बास्केटबॉलची रिंग. मी तीन-गुणांच्या रेघेवर खुर्ची टाकून उपासनेला बसलो.

पुढच्या टेबलावर पांढरे कापड अंथरले होते. गाणे चालू असताना सोळा-सतरा वर्षांचे दोन मुलगे, पांढरा शर्ट नि टाय लावून, पावाच्या चकत्यांचे तुकडे करत होते. मग एकाने गुडघे टेकून प्रार्थना वाचली. ही प्रार्थना शब्दशः यावी लागते. त्या पोराचा एक शब्द निसटला असावा, कारण तो थांबला, मागे बसलेल्या बिशपकडे, म्हणजे त्या मंडळीच्या प्रमुखाकडे, बघितले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. कोणी हसले नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षांची मुले तबके घेऊन बाकांमधून फिरली: आधी पाव, मग बोटभर पेल्यांत पाणी. पाणीच, द्राक्षारस नाही. पुढचा सगळा वेळ भाषणे, तीही पुरोहिताची नाहीत. त्या आठवड्यात ज्यांना सांगितले असेल ते उठून बोलतात. त्या दिवशी एक कॉलेजातली मुलगी आणि एक आजोबा होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून यायचे आणि ज्याला वाटेल त्याने उभे राहून आपली साक्ष द्यायची. पूर्वी हे सगळे वर्ग धरून तीन तास चाले, २०१९पासून दोन तासांवर आणले आहे. लहान मुलांच्या आया त्या दिवशी काय म्हणाल्या असतील याची कल्पना करता येते.

या सभेचे इंग्रजी नाव आहे 'सॅक्रामेंट मीटिंग'. मैत्रिणीच्या लेखात ते पुढे येणारच, म्हणून आधीच सांगतो: कोशात पाहून 'संस्कार सभा' करू नकोस. कॅथलिक सात सॅक्रामेंट मानतात, तिथे 'संस्कार' शोभतो. मॉर्मन बोलीत सॅक्रामेंट म्हणजे फक्त तो पाव आणि ते पाणी. शिवाय 'संस्कार' म्हटले की आपल्याला एक तर मुंज आठवते नाही तर उन्हाळी शिबिर. मराठी प्रॉटेस्टंटांचा 'प्रभुभोजन' हा शब्द हाताशी आहे. 'प्रभुभोजनाची सभा' म्हण, पुरे.

आता वॉर्ड. 'प्रभाग' अर्थाने अगदी बरोबर आहे, आणि तेही चुकून. कारण हा शब्द धर्मातून आलेलाच नाही, नगरपालिकेतून आला आहे. यूटाला जाण्याआधी हे लोक इलिनॉय राज्यात नॉवू नावाचे शहर वसवून राहिले होते. तिथे शहराचे वॉर्ड पाडले होते आणि १८४०च्या दशकात एकेका वॉर्डातल्या गोरगरिबांची काळजी घ्यायला बिशप नेमले. शहर सुटले, शब्द सोबत गेला. १८४९ साली सॉल्ट लेक सिटीचे १९ वॉर्ड पाडले, तोवर वॉर्ड म्हणजेच मंडळी असे झाले होते. आजही कुठल्या वॉर्डात जायचे हे आवडीवर नसते, घराच्या पत्त्यावर असते. एकाच सभाघरात दोन-तीन वॉर्ड वेगवेगळ्या वेळी भरतात. कॅथलिकांच्या 'धर्मग्रामा'ला सहसा स्वतःचे चर्च असते, इथे तसे नाही, म्हणून तो शब्दही उसना घेता येत नाही. तिथला माणूस नव्या शेजाऱ्याला विचारतो, 'तुम्ही कोणत्या वॉर्डातले?' मुंबईकराला याचे भाषांतर करून द्यायची गरज नाही. वॉर्डच ठेव. मंडळी लहान असेल तर तिला वॉर्ड न म्हणता 'शाखा' म्हणतात, तो शब्द तर आपल्याकडे पडलेलाच आहे.

'बिशप' मात्र जपून. वसईच्या वाचकाला बिशप म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, डोक्यावर उंच टोपी, हातात दंड. मॉर्मन बिशप एका वॉर्डापुरता असतो, बिनपगारी असतो, साधारण पाच वर्षांनी मोकळा होतो, आणि सोमवारी सकाळी आपल्या दवाखान्यात लोकांचे दात काढत असू शकतो. पहिल्या उल्लेखाला 'वॉर्डाचा बिनपगारी प्रमुख, ज्याला बिशप म्हणतात' इतके तरी लिही.

खरी मेख आहे ती 'स्टेक'मध्ये, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. अनेक वॉर्ड मिळून एक स्टेक होतो, पण इथे स्टेक म्हणजे भागभांडवल नव्हे. ती तंबूची मेख. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५४व्या अध्यायात म्हटले आहे की तुझ्या तंबूची जागा वाढव, दोऱ्या लांब कर, मेखा मजबूत कर. मॉर्मनांनी ते चित्र उचलले: सियोन, म्हणजे देवाच्या लोकांचे नगर, हा मोठा तंबू, आणि ठिकठिकाणच्या मंडळ्या म्हणजे त्याला ताणून धरणाऱ्या मेखा. पहिली मेख १८३४ साली ओहायोतल्या कर्टलंडला ठोकली. भारतातली पहिली २०१२ साली हैदराबादला. नुसते देवनागरीत 'स्टेक' लिहिलेस तर अर्धे वाचक हॉटेलातल्या मांसाच्या तुकड्याकडे वळतील, म्हणून एकदा मेखेचा अर्थ उलगडून सांग आणि मग खुशाल स्टेक लिही.

तंबूचे चित्र धरले की आणखी दोन शब्द सुटतात. 'टॅबरनॅकल' हा बायबलमधला निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू. सॉल्ट लेकमधले कासवाच्या पाठीसारख्या छपराचे टॅबरनॅकल १८६७ साली वापरात आले, आणि हजारो लोक एकत्र बसत ते मंदिरात नव्हे, तिथे. आता एप्रिल आणि ऑक्टोबरमधली मोठी अधिवेशने २००० साली उघडलेल्या, एकवीस हजार आसनांच्या सभागृहात होतात (इथे 'सभागृह' चालेल). आणि दुसरा शब्द 'बावरी'. १८४७च्या जुलैत लोक सॉल्ट लेकच्या रखरखीत खोऱ्यात पोहोचले तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हते, म्हणून खांब रोवून वर डहाळ्या पसरल्या आणि त्या सावलीत उपासना केली. तिला ते बावरी म्हणत. इंग्रजी कोश यासाठी दोन ओळी खर्च करतो. आपल्याकडे मांडव आहे.

'मॉर्मन' या नावाबद्दलही एक. २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी सांगितले की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पंथाचे पूर्ण नाव घ्या. त्यांच्या प्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही तो शब्द गेला. पण पूर्ण नाव, 'येशू ख्रिस्ताचे अंतिम-दिनांतील संतांचे चर्च', मराठी वाचकाला काहीच सांगत नाही. पहिल्यांदा दोन्ही दे, पुढे 'पंथ' किंवा 'मंडळी' यावर भागव.

तेव्हा वाक्य असे कर: 'दर रविवारी मॉर्मन कुटुंबे आपापल्या वॉर्डाच्या सभाघरात प्रभुभोजनासाठी जमतात, मंदिर त्या दिवशी बंद असते.' स्वल्पविरामानंतरचा भाग मुळात नाही हे मला दिसते आहे. संपादक हरकत घेतील. घेऊ देत, तो भाग खोडायला लागले की त्यांना हे सगळे वाचून दाखव.