लॅपटॉप बंद पडतोय, ठेव मोडू का?

निपाणीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहेत. मुलगा बेळगावात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीजवळ खोली घेऊन राहतो. मुलगी सेकंड पीयूसीत, म्हणजे बारावीत आहे. मुलाचा गेमिंग लॅपटॉप दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरात 82,000 रुपयांना घेतला होता. एक वर्षाची वॉरंटी कधीच संपली. गेल्या महिन्यापासून कुठलाही गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत बंद पडतो. कधी गेम नुसताच मिटतो, कधी पडदा काळा होऊन मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मात्र चालतं, व्हिडिओही चालतात. दुकानदाराने सांगितलं की मदरबोर्ड गेला, 34,000 लागतील. त्यापेक्षा हा 18,000 ला देऊन टाका आणि 1,05,000 चा नवा घ्या. उरलेल्या 87,000 साठी ताईंपुढे दोन वाटा आहेत. पतसंस्थेतली 1,20,000 ची ठेव मोडायची, किंवा यजमानांच्या क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ हप्ता घ्यायचा, महिना 7,250. ठेव मुलीच्या फीसाठी ठेवलेली आहे आणि मे महिन्यात पिकते. घरखर्च जाऊन महिन्याला आठेक हजार उरतात. शिवाय ताईंची एजंटाकडे रोज 50 रुपये भरायची पिग्मी आहे, तिला अकरा महिने झाले.

ताई, ठेव मोडू नका आणि हप्ताही घेऊ नका. निदान पुढचे पंधरा दिवस तरी नाही. पैसा कुठून आणायचा याचा विचार तुम्ही नीट केला आहे, पण लॅपटॉपला नेमकं काय झालंय हेच अजून कुणी तपासलेलं नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, आधी तीच सांगतो. ज्या मशीनचा बोर्ड गेला म्हणतात, त्याच मशीनला तेच दुकान 18,000 देतंय. एक्स्चेंजमध्ये पहिला प्रश्न असतो, मशीन चालू होतं का? बोर्ड मेलेल्या लॅपटॉपला भंगाराचा भाव मिळतो, अठरा हजार नाही. म्हणजे एकतर बोर्ड गेलेला नाही, नाहीतर ते अठरा हजार नव्याच्या किमतीत आधीच मिळवलेले आहेत. दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याचा धंदा विकण्याचा आहे आणि तपासणीत त्याला फारसं सुटत नाही, एवढंच. नव्या लॅपटॉपची रोखीची किंमत, जुना न देता, दुसऱ्या दोन दुकानांत विचारा. तो आकडा 87,000 च्या जवळ आला तर अठरा हजारांचा हिशोब तिथेच कळेल.

आता बिघाडाकडे येऊ. ऑटोकॅड चालतं, व्हिडिओ चालतात आणि फक्त गेममध्ये, तेही पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतं, ही फार बोलकी खूण आहे. गेम चालतो तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही पूर्ण ताकदीने राबतात आणि मशीन तापत जातं. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा 100 अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरची 95 ते 100. तिथे पोचलं की चिप आधी वेग कमी करते, आणि तरीही उष्णता बाहेर गेली नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करते. अडीच वर्षांत पंख्याच्या जाळीत धूळ बसते आणि चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळते. त्यात मुलाची खोली उद्यमबागेजवळ. आजूबाजूला फाउंड्री आणि मशीनशॉप असले की खिडकीच्या पट्टीवरसुद्धा रोज काळी धूळ बसते. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असेल तर हवा आत जायची वाटच बंद. म्हणून माझा पहिला संशय उष्णतेवर आहे. पण संशयावर पैसे घालायचे नाहीत, आधी खात्री करायची.

खात्रीला एक रुपया लागत नाही, आणि ही कामं मुलानेच करावीत. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आहे, त्याला हे जमेल आणि आवडेलही. लॅपटॉप टेबलावर ठेवून मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलायची. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर तापमानाची नोंद फाइलमध्ये ठेवतं. ते चालू ठेवून गेम खेळायचा, आणि बंद पडला की शेवटच्या ओळीतलं तापमान बघायचं. दरवेळी 95-100 च्या आसपास बंद पडत असेल तर उष्णता. 70 ला बंद पडला तर उष्णतेला दोष देता येत नाही. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करायची, त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, आणि गेमची फ्रेम सेकंदाला 60 वर बांधायची. एवढं केल्यावर गेम तासभर चालला तर समजायचं की भार किंवा उष्णता सोसत नाही, बोर्ड मेलेला नाही. 34,000 चा प्रश्न या एका चाचणीने बराचसा सुटू शकतो.

विंडोज स्वतःही नोंद ठेवतं. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की दिवसवार बिघाडांचा तक्ता उघडतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर 41’ दिसलं तर घाबरू नका. मशीन नीट बंद न होता बंद झालं, एवढंच ते सांगतं, का झालं ते सांगत नाही. ही ओळ दाखवून कुणी बोर्ड गेला म्हणालं तर मान्य करू नका. ‘डिस्प्ले 4101’ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, गोठला होता. मग जुना ड्रायव्हर पूर्ण काढून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा नव्याने टाकायचा. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ वारंवार येत असेल तर मात्र खरोखर हार्डवेअरचा प्रश्न आहे, आणि ते पान छापून कारागिराला द्यायचं.

मेमरी, म्हणजे रॅम, तपासायला विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे. आणखी खोलात जायचं तर मेमटेस्ट86 रात्रभर लावून ठेवायचं. मेमरीच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून खेळून बघायचं, मग दुसरी. माझ्या भाच्याच्या मशीनला एका दुकानात असाच ‘बोर्ड’ सांगितला होता. निघाली एक खराब रॅमची पट्टी. ती बदलली आणि त्याच लॅपटॉपवर तो शेवटच्या सेमिस्टरपर्यंत काम करत राहिला. म्हणूनच तुमचं पत्र वाचून मला गप्प बसवलं नाही.

चार्जरही बघा. गेमिंग लॅपटॉपला मोठ्या वॅटचा चार्जर लागतो. मूळचा हरवून कमी वॅटचा घेतला असेल, किंवा पिन सैल असेल, तर भार वाढताच मशीन दगा देतं. आणि एकच गेम बंद पडत असेल तर दोष त्या गेमच्या फाइलचा असू शकतो, पण तुम्ही ‘कुठलाही गेम’ लिहिलंय, म्हणून त्यात जात नाही.

आता पैशाकडे येतो. पंखे साफ करून नवी पेस्ट लावायला किती पडतील हे मी बेळगावात दोन ठिकाणी विचारलं. एकाने 1,200 सांगितले, दुसऱ्याने 1,800. पंखे बदलायची वेळ आली तर त्यावर दोन-तीन हजार धरा. म्हणजे पाच हजारांत हे काम बसतं, आणि तेवढे एका महिन्याच्या शिलकीतून निघतात.

मी अशा वस्तूची किंमत महिन्यावर मोजतो. 82,000 चा लॅपटॉप 28 महिने वापरलात, म्हणजे महिन्याला जवळपास 2,930 पडले. मुलाचं शिक्षण संपायला अजून साधारण 20 महिने आहेत. पाच हजार घालून तो तेवढा टिकला तर महिन्याला 250. 34,000 चा बोर्ड घातला तर 1,700, आणि त्या बोर्डाची लेखी गॅरंटी किती दिवसांची, हे दुकानदाराने तुम्हाला सांगितलेलंच नाही. 1,05,000 चा नवा चार वर्षं चालला तरी महिन्याला 2,190 च्या आसपास. 250 ची वाट तपासून न बघता 2,190 ची धरणं मला पटत नाही.

‘नो कॉस्ट’ हा शब्दही नीट समजून घ्या. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात आणि बँक आपलं व्याज हप्त्यातून घेतेच. दर 15 टक्के धरला तर तुमच्या 87,000 मध्ये साधारण 6,675 व्याज दडलेलं आहे. कार्डावरच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे 1,200, वर प्रोसेसिंग फी. एवढ्याने घर बुडणार नाही. मला भीती आहे ती 7,250 च्या हप्त्याची, कारण तुमची शिल्लकच आठ हजार आहे. एका महिन्यात घरात आजारपण निघालं किंवा पावणेपाहुणे आले की कार्डाचं बिल पूर्ण भरता येणार नाही, आणि थकलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असतं. महिन्याला, ताई, वर्षाला नव्हे.

ठेवीचा हिशोब तुम्ही पाठवलेल्या पावतीवरून केला. साडेआठ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, मे महिन्यात 1,41,983 हातात येतील. आज मोडली तर पावतीच्या नियमाप्रमाणे आजवर झालेल्या अठरा महिन्यांचा 8 टक्के दर आणि त्यातून 1 टक्का दंड, म्हणजे 7 टक्क्यांनी 1,33,164. आतापर्यंत जमलेल्या व्याजातले जवळपास 3,000 तिथेच जातात. त्यातून 87,000 लॅपटॉपला दिले की मुलीसाठी उरतात 46,000. पुढच्या सीईटीनंतर कॉलेज मिळेल तेव्हा तुम्ही कुणाकडे हात पसरणार? मुलाच्या खेळण्याला माझा विरोध नाही. खोलीवर एकट्या राहणाऱ्या पोराला संध्याकाळी तेवढाच विरंगुळा असतो. पण ही ठेव त्याच्या बहिणीची आहे, आणि हे त्याला तुम्ही मोकळेपणाने सांगितलं तर तो समजून घेईल असं मला वाटतं.

ठेवीबद्दल आणखी एक. पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थेला नाही. आपल्या भागात अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी सोसायटीत ठेवायची सवय आहे. मे मध्ये ठेव पिकली की फीपुरती रक्कम थेट बँकेत हलवा.

तपासण्या करून खरंच बोर्डच गेलाय असं दोन वेगवेगळ्या कारागिरांनी लिहून दिलं, तर 34,000 त्यात घालू नका. मग साधा, अभ्यासापुरता लॅपटॉप पन्नास हजारांच्या आत बघा, ऑटोकॅड त्यावर चालेल. पुढच्या महिन्यात पिग्मीचं वर्ष भरतं, हातात साधारण अठरा हजार येतील. अकरा महिन्यांत मोडलीत तर एजंटाचं कमिशन कापलं जाईल का, ते पासबुकावर बघा. आणखी दोन-तीन महिने थांबलात तर शिलकीची रक्कमही साठते. तरीही कमी पडलं तर ठेव मोडू नका, ठेवीवर छोटं कर्ज घ्या. त्याचा दर बहुतेक ठिकाणी ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त असतो. दहा-पंधरा हजारांना मे पर्यंतचं व्याज आठशेच्या आत राहील.

दुरुस्तीला कुठे न्यायचा? निपाणीहून कोल्हापूर जवळ, पण मुलगा बेळगावात आहे, म्हणून बेळगावच बरं. दुसऱ्यांदा न्यावा लागला तर एसटीचा खेप-खर्च तुमच्यावर नको. देण्याआधी प्रोजेक्टच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा दुसरीकडे उतरवून घ्यायला सांगा. जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीची पावती मागा, तीत तक्रार, बदललेला भाग आणि गॅरंटीचे दिवस लिहून घ्या, आणि काढलेला भाग परत मागा. पुढे वाद झालाच तर एक गोष्ट लक्षात असू द्या. खरेदी कोल्हापुरात झाली म्हणून तक्रार तिथेच करावी लागते असं आपल्याकडे अनेकांना वाटतं आणि ते सोडून देतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

या शनिवार-रविवारी मुलाला तापमानाची चाचणी करायला सांगा. बंद पडण्याची वेळ, तेव्हाचं तापमान, आणि 99 टक्क्यांवर ठेवल्यावर गेम किती चालला, हे तीन आकडे मला लिहून पाठवा. ते बघून मी पुढचं सांगतो. तोवर दुकानदाराला एवढंच कळवा की लॅपटॉप सध्या देत नाही.