पोटात ठेवलेलं हाड आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ३२ वर्षं मेंदूची ऑपरेशनं केल्यावर आता थिएटर सोडलंय, फक्त ओपीडी बघतो, कुणाला काही विचारायचं असेल तर खुशाल लिहा. वाटलं चार-पाच पत्रं येतील, आला तो गठ्ठाच. सगळी घेता येणार नाहीत, काही घेतोय.

धाकटा भाऊ बाईकवरून पडला. डॉक्टरांनी कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय म्हणतात. गावात लोक काय काय बोलतायत. आम्हाला फसवलं तर नाही ना?
*– एक वाचक, लातूर जिल्हा*

नाही हो, अजिबात नाही. आणि पोटात म्हणजे आतड्यांजवळ नाही, पोटाच्या कातडीखाली चरबीत खिसा करून त्यात सरकवतात. पाय मुरगळला की सुजतो ना, तसाच मार बसला की मेंदूही सुजतो, फक्त पायाला फुगायला जागा असते आणि कवटी म्हणजे बंद डबा, आत दाब वाढला की मेंदूला रक्तच पोचत नाही आणि माणूस हातचा जातो, म्हणून एका बाजूचं तळहाताएवढं हाड काढून मेंदूला फुगायला वाव द्यायचा. ते लगेच परत बसवता येत नाही, मग ठेवायचं कुठे? काही मोठ्या हॉस्पिटलांत उणे ८० डिग्रीचा फ्रीजर असतो, पण जिथे दिवसातून चारदा लाईट जाते तिथे सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे पेशंटचं पोट. हाड हरवत नाही, लेबलची अदलाबदल होत नाही, आणि पेशंटला दुसरीकडे हलवलं तर हाडही आपोआप त्याच्याबरोबर जातं. एका आजीने नातवाच्या पोटावरचा तो टणक उंचवटा चाचपून मला विचारलं होतं, "डोस्कं पोटात घातलंया, आता ह्यो इचार कुठनं करनार?" मला उत्तर सुचलं नाही, नातू हसला तेवढ्यावर भागलं.

सूज पूर्ण उतरली की साधारण दीड ते तीन महिन्यांत ते परत बसवतात. तोवर ती बाजू खोलगट दिसेल, खोकला आला की फुगेल, घाबरू नका. त्या कुशीवर झोपवू नका आणि उठून चालायला लागला की डोक्याला संरक्षण हवंच. आम्ही वॉर्डात बँडेजवरच मार्करने 'इथे हाड नाही' असं लिहायचो, कारण उशी सारखी करायला आलेला माणूससुद्धा नकळत तिथे हात टेकवतो. काहींचं हाड हळूहळू विरघळतं किंवा तिथे पू होतो, मग टायटॅनियमची जाळी वगैरे पर्याय आहेत, तो विचार तेव्हा करू.

वडील ७६ वर्षांचे, हार्टसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरले, टेंगूळ आलं एवढंच. आठवडाभर असंबद्ध बोलतायत, डावा पाय ओढतात. सगळे म्हणतात वय झालं.
*– एक वाचक, सातारा*

हे पत्र वाचलं त्याच दिवशी संपादकांना सांगून तुम्हाला फोन करायला लावला, छापून यायची वाट बघण्यासारखं हे नव्हतंच. सीटी स्कॅनमध्ये रक्त साकळलेलं निघालं आणि ऑपरेशन झालं असं कळलं, बरं झालं. तरी उत्तर छापतोय, कारण असे वडील घरोघरी आहेत.

वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, मग मेंदू आणि कवटीच्या आवरणामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. साधा धक्का बसला तरी एखादी फाटते आणि रक्त थेंब थेंब करत आठवडेच्या आठवडे साठत राहतं. त्यात गोळ्यांनी रक्त पातळ. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग शर्ट उलटा घालणं, चप्पल पायातून निसटणं, दिवसा झोप, आणि घरचे म्हणतात म्हातारचळ लागला. ऑपरेशन तसं छोटं, कवटीला एक किंवा दोन भोकं पाडायची, जुन्या इंजिन ऑईलसारखं काळपट रक्त बाहेर येतं, एक-दोन दिवस नळी ठेवायची. माझे एक पेशंट निवृत्त हेडमास्तर, ॲडमिट झाले तेव्हा बायकोला ओळखत नव्हते, तिसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला गेलो तर चहात साखर कमी म्हणून सिस्टरना झापत होते. काहींना रक्त परत साठतं, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नका. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

मी बारावीत आहे, मला न्यूरोसर्जन व्हायचंय. किती वर्षं लागतात? तुमचे हात कधी थरथरायचे का?
*– एक विद्यार्थिनी, नाशिक*

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग तीन वर्षं जनरल सर्जरीचं एमएस आणि तीन वर्षं न्यूरोसर्जरीचं एमसीएच, किंवा एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा कोर्स. म्हणजे तुझ्या मैत्रिणी घराचे हप्ते भरत असतील तेव्हा तू रात्री दोनला कॅज्युअल्टीत उभी असशील.

हात सगळ्यांचेच थरथरतात गं, मायक्रोस्कोपखाली तर बोटातली नाडीसुद्धा दिसते. म्हणून बसून करायचं, कोपर-मनगट टेकवायचं. हातापेक्षा पाठ आणि मूत्राशय मजबूत पाहिजे.

आमच्या आधीच्यांचं बघ. भारतात या विषयाचा पहिला विभाग वेल्लोरला डॉ. जेकब चँडींनी १९४९ मध्ये सुरू केला, पुढच्या वर्षी मद्रासला डॉ. राममूर्ती, मग मुंबईत केईएमला डॉ. होमी दस्तूर. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनला १९७१ मध्ये झाला, त्यामुळे या लोकांकडे स्कॅन नावाचा प्रकारच नव्हता, मणक्यातून हवा भरून किंवा मानेतल्या धमनीत थेट सुई घालून एक्स-रे काढायचे आणि त्या सावल्यांवरून गाठ कुठे आहे ते ठरवायचे. हवा भरलेला पेशंट डोकेदुखीने तळमळायचा, ओकायचा. आमचे सर सांगायचे, एक्स-रेच्या आधी पेशंटशी अर्धा तास बोल, निम्मं निदान तिथेच होतं. आताची पोरं आधी एमआरआय उघडतात. मीपण उघडायचो शेवटी शेवटी, खोटं कशाला बोलू.

आईच्या ब्रेन ट्यूमरबद्दल डॉक्टर लिफ्टपाशी उभ्या उभ्या दोन मिनिटं बोलले. तुम्हा लोकांना बोलायला काय होतं?
*– एक वाचक, ठाणे*

राग बरोबर आहे. मीही हेच केलंय. नवीन होतो, एका बाईंना जिन्यात, फाईलवर सही करता करता सांगितलं की मिस्टर शुद्धीवर यायची शक्यता फार कमी आहे. त्या म्हणाल्या, "साहेब, मग मी गावाला फोन करू का नको?" मी हो-नाही काहीतरी म्हणून निघून गेलो. त्यांनी फोन केला का नाही मला आजतागायत माहीत नाही. नंतर मी आयसीयूबाहेर दोन स्टुलं ठेवून घेतली, ती कुणीतरी सारखी पळवायचं ते सोडा.

तुम्ही एवढं करा. घरातला एकच माणूस बोलायला ठरवा, सात जण सात वेळा विचारतात तेव्हा डॉक्टर कावतो. बसून बोलायला वेळ मागा. आणि 'ऑपरेशन सक्सेसफुल होईल ना' हे विचारू नका, त्याला काही अर्थ नाही. विचारा की ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, सगळी गाठ निघणार का, आणि सहा महिन्यांनी आई स्वतःच्या हाताने जेवेल का. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं म्हणून ज्याला राग येतो त्याला येऊ दे.

मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, खरं का?
*– अनेक वाचक*

नाही. उलट बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, मणक्यांमधली गादी सरकून पाय दुखत असेल तर सहा-आठ आठवड्यांत बरेच जण आपोआप सुधारतात. पण लघवी तुंबली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं तर मालिशवाल्याकडे न जाता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाकीची पत्रं पुढच्या अंकात. आणि कृपा करून एमआरआयच्या मूळ फिल्म पोस्टाने पाठवू नका, एकाची पावसात चिकटून पापड झालेली आली, त्यातलं मला काहीच दिसलं नाही आणि त्यांच्याकडे दुसरी प्रत नाही.