रिपीटर बॅच सुरू होण्याआधी आपलाच पेपर पुन्हा सोडव

प्रश्न : मॅडम, मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावातली. नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) 720 पैकी 318 आले. फिजिक्स 41, केमिस्ट्री 72, बायोलॉजी 205. आता लातूरला रिपीटर बॅच (परीक्षा पुन्हा देणाऱ्यांचा क्लास) लावतेय, ती सुरू व्हायला पाच आठवडे आहेत. अकरावीला मी गणित सोडून भूगोल घेतला होता. दादा म्हणतो, तोवर यूट्यूबवर सगळा सिलॅबस दुप्पट स्पीडने बघून टाक. मैत्रीण म्हणते, आराम कर, क्लासमध्ये सगळं पहिल्यापासून शिकवतातच. बाबांनी फीसाठी सोयाबीनच्या भरवशावर पैसे उचललेत. मी काय करू?

उत्तर : बाळा, आधी आठवडाभर नीट झोप आणि घरच्यांबरोबर रहा. मैत्रिणीचं एवढं ऐक. उरलेले चार आठवडे मात्र फार मोलाचे आहेत, आणि ते व्हिडिओ बघण्यात घालवू नकोस. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कारण पेन सरांच्या हातात असतं. रिपीटर मुलांचं तर यात जास्तच नुकसान होतं. धडा ओळखीचा असतो, ‘हे येतंय मला’ असं वाटतं आणि नेमकं जिथे अडतं तिथेच लक्ष सुटतं.

नीटची प्रश्नपुस्तिका तू घरी आणली असशील. ती काढ आणि घड्याळ न लावता, पुस्तक बंद ठेवून पुन्हा सोडव. रोज 45 प्रश्न घेतलेस तर चार दिवसांत 180 होतील. चुकलेल्या किंवा सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी लिही. एक, धडा अकरावीचा की बारावीचा. दुसरी, का अडलं : माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आकडेमोड जमली नाही, की वेळ पुरला नाही. अंदाजाने ठोकून दिलेले प्रश्नही वेगळे काढ. बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला उणे 1 असल्यामुळे 41 या आकड्यात किती गुण खरे आणि किती नशिबाचे, ते तुलाच कळेल.

न बघताही माझा अंदाज सांगते. तुझ्या बऱ्याच खुणा अकरावीवर पडतील. आपल्याकडे बारावी बोर्डाच्या धाकाने अकरावी नुसती उरकली जाते. नीटला मात्र दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि बारावीचा बराच भाग अकरावीवर उभा आहे. मोल संकल्पना कच्ची असेल तर द्रावणं आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री दोन्ही अडतात. 4.4 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये एकूण अणू किती, हे तुला कागदावर मिनिटभरात काढता येतं का बघ. (0.1 मोल रेणू, म्हणजे 0.3 मोल अणू.) येत नसेल तर केमिस्ट्रीची सुरुवात तिथूनच कर.

आता गणित. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण फिजिक्सच्या 41 गुणांमागे मला तेच दिसतंय. नीटला गणिताचा पेपर नाही म्हणून तू ते सोडलंस, त्यात गैर काही नाही, अनेक जण सोडतात. पण क्लासमध्ये तुझ्या शेजारी बसणाऱ्या, गणित घेतलेल्या मुलीने दोन वर्षं त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम हाताळलेत. उतारावरच्या ठोकळ्याचं वजन साइन-कोसाइनमध्ये विभागताना ती थांबत नाही आणि तू थांबतेस. क्लासमध्ये तेवढ्यात फळा पुसला जातो. परीक्षेत कॅल्क्युलेटरही नसतो. म्हणून रोज सकाळी दीड तास फक्त हेच कर : 0, 30, 45, 60, 90 अंशांच्या किमती, सदिशांचे घटक, आलेखाचा उतार आणि त्याखालचं क्षेत्रफळ, घातांक, साधं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन आणि लॉग. लॉग 2 म्हणजे 0.3010 आणि लॉग 3 म्हणजे 0.4771 एवढं पाठ असलं, तरी 0.002 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच 2.7 हे तोंडी निघतं. गावातल्या शाळेच्या गणिताच्या सरांकडे जा. नीटचं काही विचारू नकोस, एवढंच शिकवा म्हण. आनंदाने शिकवतील.

गणित हाताला बसू लागलं की गती, न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा हे धडे घे आणि प्रत्येकाची तीस-चाळीस उदाहरणं स्वतः सोडव. रोटेशनला (फिरत्या वस्तूंच्या गतीच्या धड्याला) आत्ता हात लावू नकोस, ते क्लासमध्ये शिकलेलं बरं.

बायोलॉजीत 360 पैकी 205 आहेत. तिथे अजून 100 गुणांना वाव आहे आणि त्याला कोणत्याही क्लासची वाट बघायला नको. बोर्डाचं पुस्तक बाजूला ठेव आणि एनसीईआरटीचं घे. दोन्ही वर्षांचे मिळून 32 धडे आहेत. त्यातले अकरावीचे 19 आत्ता कर. दुपारी एक धडा ओळ न ओळ वाचायचा, आकृती न बघता काढायची, संध्याकाळी त्याच धड्याचे प्रश्न सोडवायचे.

एक सावधगिरी. बारावी बोर्डाच्या केमिस्ट्रीत पहिलाच धडा सॉलिड स्टेटचा आहे, पण 2024पासून तो नीटच्या अभ्यासक्रमात नाही. क्लासच्या जुन्या मॉड्यूलमध्ये (छापील नोट्समध्ये) असे वगळलेले भाग अजून सापडतात. नॅशनल मेडिकल कमिशनच्या अभ्यासक्रमाची प्रिंट काढून टेबलापुढे लाव.

आणि बाबांचे पैसे भरण्याआधी क्लासला दोघांनी मिळून विचारा : अकरावीला किती आठवडे देता? गणित सोडलेल्यांसाठी वेगळे तास आहेत का? शंका कोण सोडवतं, सर की सहायक? बॅच मध्येच सोडली तर फी किती परत मिळते? शेवटचं उत्तर लेखी घ्या. मागायला संकोचू नका, कष्टाचे पैसे आहेत.

प्रश्नपुस्तिकेवरून केलेली ती चुकांची वही लातूरला घेऊन जा. चार आठवड्यांत सुटलेले प्रश्न खोडलेले असतील. उरलेले पहिल्याच आठवड्यात सरांपुढे ठेव.