रटाळ कामाला इंग्रजीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा: सातपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं एकाच मशीनवर तेच काम केलं, आता नोकरी बदलायची आहे. मुलाखतीत 'काम रटाळ होतं' हे इंग्रजीत कसं सांगू? 'बोरिंग' पोरकट वाटतं.

पोरकट नाही, मोघम आहे. नक्की कशाचा कंटाळा आला ते त्यातून कळत नाही. तुमच्या कामाला चपखल बसतो तो 'मोनोटोनस'. ग्रीकमधे 'मोनोस' म्हणजे एकटा, 'टोनोस' म्हणजे सूर; थोडक्यात, एकसुरी. यात त्रास कष्टांचा नसतो, बदल नसण्याचा असतो. समृद्धीवरून नागपूरला निघालात की गाडी झकास पळते, तरी काही वेळाने डोळे जड होतात. तो रस्ता मोनोटोनस.

'टीडियस'ची गोष्ट निराळी. मूळ लॅटिन 'टीडियम', म्हणजे उबग. काम किचकट, वेळखाऊ, संपता संपत नाही असं. निफाडकडे द्राक्षाच्या घडांची विरळणी करतात ते बघा: मान वर, हातात कात्री, एकेक घड, आणि पुढे ओळीच्या ओळी पडलेल्या. प्रत्येक घड वेगळा असल्यामुळे मोनोटोनस म्हणायला मी जरा कचरेन, पण टीडियस शंभर टक्के.

'हमड्रम' कामापेक्षा दिनक्रमाला शोभतो. 'डल' जवळपास कशालाही चालतो, म्हणूनच फारसं काही सांगत नाही.

'इन अ रट' मात्र लक्षात ठेवा. या 'रट'चा आपल्या रटाळशी काही संबंध नाही. रट म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरी. 'चाकोरीतलं आयुष्य' म्हणताना आपल्याही मनात तेच चाक असतं. फक्त यात अडकलेला असतो माणूस, त्यामुळे मित्राशी बोलताना ठीक. मुलाखतीत तो शब्द तुमच्यावरच उलटेल.

तसंच 'मी बोअर झालो'चं घाईत 'आय वॉज बोरिंग' करू नका. त्याचा अर्थ, मीच कंटाळवाणा होतो! 'आय वॉज बोअर्ड' म्हणा.

मुलाखतीत मी 'मोनोटोनस'सुद्धा टाळेन, कारण त्यात तक्रारीचा सूर आहे. 'रिपिटिटिव्ह' त्या मानाने सौम्य: काम पुन्हा पुन्हा तेच होतं, एवढंच सांगतो. 'द वर्क हॅड बिकम रिपिटिटिव्ह' असं म्हणा. त्यातलं 'हॅड बिकम' गाळू नका. सुरुवातीला शिकायला मिळालं, पुढे तेच ते होत गेलं, हे त्या दोन शब्दांतच येतं.