म्युस्कादे सेव्र-ए-मेन स्यूर ली: गोड असते का, किती गार करायची, कशाबरोबर प्यायची?

'म्युस्कादे सेव्र-ए-मेन स्यूर ली' असं लिहिलेली फ्रेंच पांढऱ्या वाईनची बाटली भेट आली आहे, ती गोड असते का आणि कशाबरोबर प्यावी, असा तुमचा प्रश्न आहे.

गोड अजिबात नाही. नावावरून मस्कॅट द्राक्षाची आठवण होते, पण त्या सुगंधी वाईनशी हिचं काही नातं नाही. हिचं द्राक्ष मेलों द बुर्गोन्य. नावाप्रमाणे मूळचं फ्रान्सच्या बुर्गोन्य प्रांतातलं, पण रुजलं ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या बाजूला, नाँत शहराच्या आसपास. १७०९च्या हिवाळ्यात तिथल्या वेली गारठून मेल्या. नव्याने लावताना थंडी सोसणारं म्हणून हे पसरलं. सेव्र आणि मेन या तिथल्या दोन नद्या.

लेबलवर महत्त्वाचे शब्द 'स्यूर ली', म्हणजे 'गाळावर'. द्राक्ष चवीला बेताचंच: थोडं लिंबू, थोडं हिरवं सफरचंद, संपलं. म्हणून आंबवणं झाल्यावर तळाशी बसलेला मेलेल्या यीस्टचा गाळ काढून टाकत नाहीत. वाईन हिवाळाभर त्याच टाकीत त्याच्यावर ठेवतात आणि पुढच्या १ मार्चनंतर थेट बाटलीत भरतात. गाळामुळे वाईनला अंग येतं, ताज्या पावासारखा हलका वास येतो, आणि टाक्या न बदलल्यामुळे किंचित वायू आत राहतो. पहिल्या घोटाला जिभेवर चुरचुरलं तर बाटली खराब नाही, ती तशीच असते. लेबलवर क्लिसों, गोर्ज किंवा ल पाले असं गावाचं नाव असेल तर वाईन गाळावर बरीच जास्त राहिलेली असते. ती पाच-सात वर्षं ठेवता येते. साधी मात्र दोन-तीन वर्षांत संपवा, जपून ठेवण्यात काही मिळत नाही.

तापमान ८ ते १० अंश. फ्रिजमधली बाटली ४-५ अंशांवर असते. तेव्हा आंबटपणाशिवाय काही लागत नाही, म्हणून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात फटींमध्ये हवा राहते, बाटली लवकर गार होत नाही. ग्लासात थोडी थोडी ओता, मुंबईच्या उकाड्यात ती बघता बघता कोमट होते.

खाण्याचं म्हणाल तर ही वाईन ताटातल्या लिंबाच्या फोडीचं काम करते. नाँतकडे ती कच्च्या कालवांबरोबर पितात. कालवांवर व्हिनेगर-कांद्याचं सॉस मात्र घेऊ नका, व्हिनेगरपुढे वाईन पाणचट लागते.

घरी करायला सोपे म्हणजे शिंपले (मसल्स). एक किलो शिंपले घासून धुवा. उघडं असलेलं शिंपलं टिचकी मारूनही मिटत नसेल तर फेकून द्या. पातेल्यात चमचाभर लोण्यावर बारीक चिरलेला कांदा मऊ करा, रंग येऊ देऊ नका. २०० मिली म्युस्कादे घालून उकळी आली की शिंपले टाका आणि झाकण ठेवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, मधे एकदा हलवून. उघडले की लगेच उतरवा, जास्त शिजले की रबर होतात. जे उघडलेच नाहीत ते काढून टाका. मीठ शेवटी चाखूनच, कारण शिंपल्यांचं पाणी खारट असतं.

आपल्या ताटातलं काय चालेल? रव्यातले कुरकुरीत बोंबील उत्तम, आंबटपणा तेल कापतो. कमी तिखटातल्या तिसऱ्यांचं सुकंही चालेल. मांसाहार नसेल तर चटणीशिवाय कांदाभजी किंवा बकरीच्या दुधाचं ताजं चीज. लाल तिखटाचं कोकमी कालवण मात्र नको: तिखटापुढे वाईनची नाजूक चव मरते आणि उरतो फक्त आंबटपणा. सोलकढीबरोबरही नको, दोन आंबट एकमेकांना मारतात, आणि अशा वेळी मी तरी सोलकढीच निवडेन.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. त्यानंतर चुरचुर जाते. उरलेली शिंपल्यांच्या पातेल्यात घाला.