किनाऱ्याला लागलेला माल उचलणे: सॅल्व्हेज की चोरी?

फुटलेल्या जहाजातून वाहत आलेला माल किनाऱ्यावरून उचलणाऱ्याला सॅल्व्हेजचा, म्हणजे संकटातील जहाज किंवा माल वाचवल्याबद्दलच्या मोबदल्याचा, हक्क मिळतो की तो चोर ठरतो, असे आपण विचारले आहे आणि उदाहरणादाखल इंग्लंडमधील ब्रॅन्सकमच्या किनाऱ्यावरून लोकांनी २००७ साली नेलेल्या मोटारसायकलींचा उल्लेख केला आहे. उदाहरण तिकडचे असल्यामुळे उत्तरही मुख्यतः ब्रिटिश कायद्याच्या आधारे देतो. थोडक्यात सांगायचे तर, वस्तू हातात घेतली त्या क्षणी तो माणूस बहुधा चोरही नसतो आणि सॅल्व्हेजचा मानकरीही नसतो. त्यानंतर तो ती वस्तू कोणाला कळवतो, कोठे ठेवतो आणि कोणत्या हेतूने ठेवतो, यावरून त्याची जागा ठरते. मी सागरी मालविम्याच्या दाव्यांचे काम करीत आलो असल्यामुळे माझे मन सहसा मालकाच्या बाजूने झुकते, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

प्रथम घटना पाहू. एमएससी नापोली हे बेल्जियमहून दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले कंटेनरवाहू जहाज १८ जानेवारी २००७ रोजी इंग्लिश खाडीतील वादळात तडकले आणि त्यावरील सव्वीसही जणांना हेलिकॉप्टरने वाचवण्यात आले. जहाज ओढून नेत असताना ते खोल पाण्यात बुडेल, अशी भीती वाटल्याने दोन दिवसांनी ते लाइम उपसागरात, ब्रॅन्सकमसमोर, मुद्दाम उथळ पाण्यात रुतवण्यात आले. त्यावरील सुमारे २,३०० कंटेनरांपैकी शंभरहून अधिक समुद्रात पडले आणि त्यांतील कित्येक किनाऱ्याला लागून फुटले. बीएमडब्ल्यूच्या नव्या मोटारसायकली, मद्याची रिकामी लाकडी पिंपे, लहान मुलांचे डायपर, अत्तरे आणि मोटारींचे सुटे भाग असा माल वाळूवर पसरला. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये दिसताच लांबलांबून माणसे आली, आणि पोलिसांनी किनारा बंद करेपर्यंत बराच माल ट्रेलरवर चढला होता.

तेथे आलेल्या पुष्कळांची समजूत अशी होती की, समुद्रात पडलेल्या मालावरील मालकाचा हक्क संपतो आणि जो आधी पोहोचेल त्याचा तो होतो. ही समजूत जुनी आहे, पण कायद्याने तिला कधीच पुरता थारा दिलेला नाही. इंग्लंडमध्ये १२७५ साली केलेल्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात असे म्हटले होते की, जहाजातून एखादा माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत निसटले, तर ते जहाज आणि त्यातील माल बेवारस मानायचा नाही; तो राजाच्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली राखून ठेवायचा आणि वर्ष व एक दिवस यांच्या आत मालक पुढे आला, तर त्याला परत द्यायचा. मांजर वाचले तर माल मालकाचा, हे आज वाचताना हसू येते. मात्र त्यामागचा विचार हा की मालक कोण हे सांगणारे काहीतरी शिल्लक हवे. पुढे १७७१ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्लिश न्यायाधीशांनी एका निकालात जिवंत प्राण्याची ही अट अक्षरशः धरण्यास नकार दिला: मालकी अन्य पुराव्याने सिद्ध होत असेल, तर तेवढे पुरे. शिवाय जो माल खरोखरच बेवारस ठरे, तो राजाचा किंवा राजाने तसा हक्क दिलेल्या जमीनदाराचा होई. ज्याला सापडला त्याचा तेव्हाही नव्हे.

आता सॅल्व्हेजकडे येऊ, कारण गैरसमजाचे मूळ येथेच आहे. सॅल्व्हेज हा वस्तूवरचा हक्क नसून सेवेचा मोबदला आहे. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज कराराला ब्रिटनने १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातून कायद्याचे बळ दिले. त्या करारानुसार मालमत्ता धोक्यात असावी लागते आणि मदतीचा काही उपयोग झालेला असावा लागतो. मदत करण्याचे बंधन ज्याच्यावर आधीपासून होते, त्याला ती केल्याबद्दल वेगळे काही मिळत नाही. वस्तू वाचली नाही, तर कितीही कष्ट केले असले तरी सर्वसाधारणपणे हाती काही येत नाही. मोबदला ठरवताना वाचलेल्या मालाची किंमत, धोक्याचे स्वरूप, वाचवणाऱ्याचे कौशल्य आणि त्याने दाखवलेली तत्परता पाहिली जाते, आणि तो वाचलेल्या मालाच्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही. मोबदला चुकता होईपर्यंत मालावर दावा सांगता येतो, परंतु माल आपला होत नाही. याच करारात आणखी एक तरतूद आहे, जी ब्रॅन्सकमच्या चर्चेत फारशी कोणी काढली नाही: जहाजाच्या मालकाने किंवा कप्तानाने स्पष्टपणे आणि वाजवी कारणाने मनाई केलेली असताना कोणी मदत केली, तर तिचा मोबदला मागता येत नाही.

चोरीची व्याख्या इंग्लंडमध्ये १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टमध्ये आहे: दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे, त्याला ती कधीच परत मिळू नये अशा हेतूने, आपली म्हणून घेणे. त्याच कायद्यात अशीही सूट आहे की, वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडणार नाही असे ज्याला मनापासून वाटत होते, त्याला अप्रामाणिक म्हणता येत नाही. रस्त्यात सापडलेल्या नाण्याच्या बाबतीत ही सूट कामी येते; कंटेनरच्या बाबतीत ती टिकणे फार अवघड आहे. कोणत्याही कंटेनरच्या दारावर ठळक अक्षरांत एक क्रमांक रंगवलेला असतो. त्यातील पहिली तीन अक्षरे कंटेनर कोणाचा ते सांगतात, चौथे अक्षर बहुधा ‘यू’ असते, त्यापुढे सहा आकडे येतात आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो, जो आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे क्रमांक उतरवून घेताना झालेली चूक लगेच पकडता येते. हा क्रमांक माल लादल्याच्या कागदपत्रांवर असतो आणि त्यावरून पाठवणारा, घेणारा व विमा उतरवणारा अशी सगळी साखळी उलगडते. कंटेनर फुटून मोटारसायकल बाहेर पडली असली, तरी तिच्या सांगाड्यावरचा क्रमांक असतोच. ज्या वस्तूचा मालक एका दूरध्वनीवर कळू शकतो, तिच्याबद्दल ‘मालक सापडला नसता’ असे म्हणणाऱ्याचा चेहरा न्यायाधीश बारकाईने पाहतील.

‘विमा कंपनीने भरपाई दिली, मग कोणाचे काय गेले?’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर तोंडपाठ झाले आहे. १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्यानुसार संपूर्ण नुकसानीची रक्कम दिल्यानंतर उरलेल्या मालातील मालकाचे हित ताब्यात घेण्याचा हक्क विमाकाराला मिळतो. म्हणजे मालक बदलतो, नाहीसा होत नाही. शिवाय सगळ्याच मालाचा पुरेसा विमा असतो असेही नाही. नापोलीवर एका स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे घरसामान होते आणि अनोळखी माणसे आपल्या वस्तू उचलून नेत आहेत, हे त्या कुटुंबाला बातम्यांतून पाहावे लागले. मोटारसायकलीबद्दल मन घट्ट करणाऱ्यांनी या सामानाबद्दल काय म्हटले असते, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

प्रामाणिक माणसासाठी वाट मात्र अगदी सरळ आहे. ब्रिटनमध्ये ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या पदावरील अधिकाऱ्याला सापडलेल्या वस्तूची माहिती २८ दिवसांच्या आत द्यावी लागते. मालकाला हक्क सांगण्यासाठी एक वर्ष मिळते. तो आला तर वस्तू त्याची आणि वाचवणाऱ्याला योग्य मोबदला, न आला तर वस्तू राजसत्तेकडे जाते, आणि अशा वेळी मोबदल्याऐवजी ती वस्तूच सापडणाऱ्याला देऊन टाकण्याची पद्धत आहे. ज्याने कळवले नाही, त्याला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, सॅल्व्हेजचा हक्क जातो आणि वस्तूच्या दुप्पट किंमत भरावी लागते. न कळवणे हा चोरीहून वेगळा गुन्हा आहे, म्हणून अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला नाही तरी सुटका होत नाही.

या मोजपट्टीने ब्रॅन्सकमची गर्दी पाहिली, तर माझे मत वेळेनुसार बदलते. पहिल्या रात्री, पुढच्या भरतीत वस्तू पुन्हा वाहून जाईल असे दिसत असताना ती ओढून वर आणणारा आणि अर्ज भरून देणारा माणूस सॅल्व्हेजचा दावा करू शकतो, आणि त्याला लुटारू म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अधिकृत यंत्रणा कामाला लागल्यावर, भरतीच्या रेषेच्या वर सुरक्षित पडलेला, बंद कंटेनर कटावणीने उघडणाऱ्याने कोणत्या धोक्यातून काय वाचवले? तो माल त्याच्याच हातांनी धोक्यात आला. काही कंटेनरांत घातक रसायनेही होती, ही गोष्ट निराळीच.

लोकभावना मात्र कायद्याइतकी स्वच्छ रेघ ओढत नाही. १९४१ साली स्कॉटलंडमधील एरिस्के बेटाजवळ एसएस पॉलिटिशियन हे जहाज अडीच लाखांहून अधिक व्हिस्कीच्या बाटल्या घेऊन खडकावर चढले. अधिकृत बचावकर्त्यांनी जहाजाचा व्हिस्की असलेला भाग सोडून दिल्यावर बेटावरील लोकांनी जहाजात उतरून बाटल्या काढल्या आणि आपण सॅल्व्हेजच करीत आहोत, असे त्यांनी मानले. निर्यातीच्या त्या मद्यावर कर भरलेला नव्हता, त्यामुळे जकात अधिकारी मागे लागले आणि काहींना तुरुंगात जावे लागले. युद्धकाळातल्या टंचाईत, समुद्रात जाणारच असलेली वस्तू उचलणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटते. त्यांनी कळवले असते तर त्यांची बाजू कायद्यातही बरीच भक्कम झाली असती. उलट १७५३ साली ब्रिटिश संसदेने फुटलेली जहाजे लुटणाऱ्यांना थेट मृत्युदंड ठेवला होता, म्हणजे किनाऱ्यावरची सहानुभूती आणि राजधानीतला कायदा यांच्यात किती अंतर असू शकते ते दिसते.

सर्वांत अवघड प्रकरण मोटारसायकलींचे नसून लाकडाचे आहे. जानेवारी २००८ मध्ये आइस प्रिन्स हे जहाज इंग्लिश खाडीत बुडाले आणि त्यावरील लाकडी फळ्यांचे ढीगच्या ढीग ससेक्सच्या किनाऱ्यावर येऊन पडले. एक फळी दुसरीसारखीच, त्यावर क्रमांक नाही, आणि समुद्राच्या पाण्यात भिजल्याने तिची किंमतही घटलेली. तरीही जहाज कोणते हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून मालक अज्ञात होता असे म्हणता येत नाही. चार फळ्या नेऊन कळवणाऱ्याला, मालकाने दावा न केल्यास, त्या मिळण्याची शक्यता बरीच असते. न कळवता गाडी भरून नेणाऱ्याला ती सवलत नाही, मग त्या फळ्यांचे त्याने कुंपण केलेले असो वा विक्री.