‘मुक्त शाळा’ नको आणि ‘विरोध’ तर नकोच

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळावर लिहिताना ‘फ्रीडमेन्स स्कूल्स अँड चर्चेस’ला, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या शाळा-चर्चना, ‘मुक्त शाळा व चर्च’ आणि गोऱ्यांच्या ‘होस्टिलिटी’ला ‘विरोध’ लिहिलं तर चालेल का.

‘मुक्त शाळा’ नाही चालणार, ते वाचून लोकांना नाशिकचं मुक्त विद्यापीठ आठवेल. ‘मुक्त गुलाम’ही नको, सुटला तो गुलाम कसला? फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यात ‘दास्यत्वापासून मुक्त’ असा प्रयोग आहे, त्यावरून ‘दास्यमुक्तांच्या शाळा’ छान होईल. जड वाटलं तर सरळ ‘गुलामीतून सुटलेल्यांच्या शाळा’.

खरी अडचण ‘विरोध’ची आहे. विरोध आपण कारशेडलाही करतो, निवेदन देतो आणि घरी येतो. मे १८६६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात गोऱ्या जमावाने, त्यात पोलीससुद्धा होते, तीन दिवसांत ४६ काळी माणसं मारली, ४ चर्च आणि काळ्यांच्या शाळा जाळल्या, याला विरोध म्हणायचं? १८७० मध्ये अलाबामा राज्यात काळ्यांना शिकवणाऱ्या विल्यम ल्यूक या शिक्षकाला गोऱ्या जमावाने फासावर लटकवलं, आणि तो स्वतः गोरा होता, कॅनडातून आलेला.

बरं, राग शाळा आणि चर्चवरच का, तर शाळा बऱ्याचदा चर्चमध्येच भरायची, राजकीय बैठकाही तिथेच, आणि वाचता यायला लागलं की मळेवाला मजुरीच्या करारात काय आहे म्हणून सांगेल ते गुपचूप मान्य करायची गरज उरत नाही. व्हर्जिनियासारख्या राज्यात तर आधी काळ्यांना शिकवायला जमवणं हाच गुन्हा होता, त्यामुळे तीच माणसं पाटी घेऊन बसलेली गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपायची. त्यांनी डूखच धरला होता म्हणा ना.

म्हणून प्रसंग बघून शब्द घ्या. उत्तरेकडच्या राज्यांतून काळ्यांना शिकवायला आलेल्या शिक्षिकांना गावात कोणी खोली द्यायचं नाही, तिथे ‘वाळीत टाकलं’ अगदी फिट्ट बसतं. आग लावली तिथे ‘जाळपोळ’, मारलं तिथे ‘खून’. एकूण सगळ्यासाठी ‘वैर’ किंवा ‘डूख’. आणि प्लीज ‘शाळांना विरोध झाला’ असलं वाक्य नको, त्यात विरोध कोणी केला तेच गायब होतं, ‘गोऱ्यांनी शाळा जाळल्या’ असा कर्ता टाकूनच लिहा.